विषाणू-जिवाणूंशी पेशी कशी लढते?

ग्वाल्हेर शहरात २००१ साली डेंग्यूची साथ आली, तेव्हा त्याच शहरातील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेच्या (डीआरडीई) संशोधकांना रुग्णांच्या नमुन्यांत डेंग्यू विषाणूचा दुसरा प्रकार आढळला. पुढे २००३ ते २००५ या काळात दिल्ली व ग्वाल्हेर येथे तिसऱ्या प्रकाराने जोर धरल्याची नोंद याच प्रयोगशाळेने केली. डेंग्यूचे एकूण चार प्रकार आहेत. एका प्रकारामागून दुसरा येणे धोक्याचे का ठरते, हे समजण्यासाठी पेशीच्या आत डोकवावे लागते.

विषाणूला स्वतःचा संसार नसतो. पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या प्रती काढून घेतो. डासाने सोडलेला डेंग्यूचा विषाणू प्रथम त्वचेतील रक्षक पेशींनाच गाठतो, म्हणजे चोर आधी चौकीतच शिरतो. मात्र प्रती निघताना तयार होणारा दुपदरी आरएनए निरोगी पेशीत सहसा आढळत नाही. पेशीद्रव्यातील ‘रिग-वन’सारखी प्रथिने नेमकी ही खूण ओळखतात. तो इशारा तंतुकणिकेच्या पृष्ठभागावरील प्रथिनामार्फत केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडू लागते.

इंटरफेरॉनचा शोध अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये लावला. त्याचा मुख्य लाभ मिळतो तो शेजारच्या पेशींना. त्या सावध होतात, प्रथिननिर्मिती आवरती घेण्याची तयारी करतात आणि आरएनएचे तुकडे करणारी विकरे सज्ज ठेवतात. तापात अंग मोडून येते, त्याचे एक कारण ही धावपळच होय. बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते; ते ओळखून टी-पेशी तिला ठार करतात.

डेंग्यूचा विषाणूही गप्प बसत नाही. इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकात नेणारे ‘स्टॅट-२’ हे प्रथिन तो नष्ट करवतो. उंदराच्या स्टॅट-२ वर ही मात्रा चालत नाही. साध्या उंदरांवर डेंग्यूचा अभ्यास करणे अवघड जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

खरी गुंतागुंत दुसऱ्या संसर्गात होते. पहिल्या प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे वेगळ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकतीलच असे नाही. भक्षक पेशी प्रतिपिंड लागलेले सावज म्हणून त्याला आत ओढतात आणि विषाणूला दार आयते उघडे मिळते. त्यामुळे पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्याने निर्धास्त राहू नये. ताप उतरतानाच पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या किंवा रक्तस्राव सुरू झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये.

जिवाणूंशी लढाई निराळी असते, कारण बहुतेक जिवाणू पेशीबाहेरच वाढतात. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा त्याभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. पेशीभक्षणाच्या या संशोधनासाठी त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले. भक्षक पेशी जिवाणूला गिळते, त्याभोवती पिशवी तयार होते, ती लयकारिकेशी जोडली जाते आणि आतील आम्लात व विकरांत जिवाणू विरघळतो.

क्षयाचा जिवाणू मात्र हीच जोडणी रोखतो आणि ज्या पेशीने गिळले तिच्यातच वर्षानुवर्षे दडून राहतो. टी-पेशींनी चेतवल्यावर भक्षक पेशी त्याला आवर घालू शकतात. कुपोषणात हे बळ खचते. ग्वाल्हेर-चंबळ भागातील सहरिया आदिवासींमध्ये क्षयाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट आढळले आहे, ते या पार्श्वभूमीवर पाहावे लागेल.

प्रतिजैविके जिवाणूच्या भित्तिकेवर किंवा त्याच्या स्वतंत्र प्रथिननिर्मिती यंत्रणेवर घाव घालतात. विषाणूकडे यांपैकी काहीच नसते. म्हणून पावसाळ्यात डेंग्यूचे निदान झालेल्या रुग्णाला, सोबत जिवाणूचा संसर्ग नसेल तर, या गोळ्यांचा उपयोग होत नाही.