ताइनो लोक खरोखर नामशेष झाले काय?

वेस्ट इंडीज बेटांतील ताइनो लोक सोळाव्या शतकांतच नामशेष झाले, असें विधान बहुतेक ग्रंथांतून आढळतें. तें कोणत्या साधनांवर उभें आहे, हें तपासून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'अरावाक' हें नांव दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील लोकोनो लोकांचें. गयाना व सुरिनाम येथें ते आजहि आहेत. ताइनोंची भाषा त्यांच्याच भाषाकुळांतील होय, हें डॅनियल ब्रिंटन या अमेरिकन पंडितानें १८७१ सालीं प्रतिपादिलें. पुढें बेटवाल्यांसहि अरावाक म्हणण्याची वहिवाट पडली. भाषा सजातीय, परंतु लोक निराळे, हा भेद विसरूं नये.

ताइनोंनीं स्वतः लिहिलेलें त्या काळचें फारसें कांहीं उपलब्ध नाहीं. त्यांच्या धर्माची सर्वांत जुनी हकीकत रामोन पाने या साधूनें कोलंबसाच्या आज्ञेवरून हिस्पानियोला बेटांत राहून लिहिली. झेमी नामक दैवतें व पूर्वज गुहेंतून बाहेर आल्याची कथा तींत आहे. घाईमुळें व कागद अपुरा पडल्यामुळें क्रम चुकला असेल, असें तो स्वतःच कबूल करतो. त्यांतहि मूळ स्पॅनिश प्रत गहाळ असून १५७१ सालीं व्हेनिस येथें छापलेलें इटालियन भाषांतर तेवढें उरलें आहे.

लोकसंख्येविषयीं मुख्य आधार १५१४ सालच्या वाटणीचा. तींत हिस्पानियोलांतील सुमारें २६,००० माणसें नोंदलीं आहेत. परंतु ही खानेसुमारी नव्हे. सक्तीच्या मजुरीसाठीं स्पॅनिश मालकांस वांटून दिलेल्यांची ती यादी होय. डोंगरांत पळालेल्यांची मोजदाद तींत कशी व्हावी? १५१८ अखेर देवीची सांथ येऊन मोठा संहार झाला, हें निर्विवाद. तरी त्यानंतरहि एन्रिकियो या ताइनो नायकानें बाओरुकोच्या डोंगरांतून १५३३ पर्यंत बंड चालविलें व अखेर स्पॅनिशांस त्याच्याशीं तह करावा लागला.

२०१८ सालीं बहामा बेटांतील सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या एका स्त्रीच्या दांतावरून तिची आनुवंशिक घडण वाचण्यांत आली. आजच्या पोर्तोरिकोवासीयांत त्याच वंशाचा अंश आढळला. आपला 'बटाटा' हा शब्दहि पोर्तुगीजांच्या द्वारें ताइनोंच्याच भाषेंतून आला आहे. तेथें तो रताळ्याचा वाचक होता.

तात्पर्य, ताइनोंचीं राज्यें मोडलीं, भाषा बोलण्यांतून गेली. वंश मात्र उरला. मजुरांच्या यादींतून नांव गळणें व लोक नष्ट होणें या दोन गोष्टी एक नव्हेत.