तरणतलावाचे पाणी: पिवळ्या रंगापासून मोबाईलवरच्या आकड्यापर्यंत

"डॉक्टर, आमच्या सोसायटीच्या तलावाला सेन्सर बसवलेत. पीएच, क्लोरीन सगळं मोबाईलवर दिसतं. आता मुलांना बिनधास्त पाठवू ना?" उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न हमखास येतो. पाठवा, पण मोबाईलवरचा आकडा नेमके काय सांगतो हे आधी समजून घ्या. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

क्लोरीन पाण्यात कधी आला?

क्लोरीन वायू १७७४ मध्ये कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि दगावणाऱ्या बाळंतिणींचे प्रमाण झपाट्याने घटले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा नीट कळलेलेही नव्हते.

१९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, ब्राऊन विद्यापीठाच्या तरणतलावात हाच प्रयोग झाला. त्याआधी उपाय एकच होता: काही दिवस पोहायचे, पाणी गढूळ झाले की काढून टाकायचे आणि नवे भरायचे.

किती टाकायचा? रंग सांगेल

कमी क्लोरीन टाकला तर जंतू उरतात, जास्त टाकला तर त्रास होतो. म्हणून मोजमाप आले. सुरुवातीची लोकप्रिय चाचणी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, आपल्या खेड्यापाड्यांत परिचित असलेली 'ओटी टेस्ट'. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर ग्रामपंचायतीचा कर्मचारी पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघतो, तीच ही चाचणी.

तिची एक अडचण आहे. घाम, लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होते. ते जंतू मारण्यात फारच मंद असते. ओटी टेस्ट मात्र कामाचा मुक्त क्लोरीन आणि हे क्लोरामाइन दोघांनाही पिवळा रंग देते. १९५७ मध्ये इंग्लंडमधील आर्थर पॅलिन यांनी डीपीडी चाचणी मांडली. तिचा रंग गुलाबी येतो आणि दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजता येतात. तलावांसाठी आजही हीच चाचणी विश्वासाची मानली जाते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. तलावाचा उग्र वास आणि लाल डोळे म्हणजे "क्लोरीन जास्त झाला" असे नेहमीच नसते. बहुतेक वेळा तो वास क्लोरामाइनचा असतो. म्हणजे तलावात घाण जास्त आणि मुक्त क्लोरीन कमी!

पीएच: बिअर आणि लिंबाच्या रसाची देणगी

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएच ही मोजपट्टी तयार केली. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याची. पुढे १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी अर्नोल्ड बेकमन यांनी सुटसुटीत इलेक्ट्रॉनिक पीएच मीटर बनवला. तलावाच्या पाण्यात बुडालेला काचेचा प्रोब याच मीटरचा वंशज आहे.

तलावात पीएच एवढा महत्त्वाचा का? कारण तोच क्लोरीनची ताकद ठरवतो. पीएच ७.५ असताना साधारण निम्मा मुक्त क्लोरीन जंतुनाशक रूपात असतो. पीएच ८ झाला की हा वाटा साधारण पावभर उरतो. क्लोरीन तेवढाच, काम निम्मे! म्हणून दोन्ही आकडे नेहमी जोडीने वाचायचे. पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान आणि मुक्त क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम हवा.

मग मोबाईलवर 'मिलिव्होल्ट' का दिसतात?

क्लोरीन थेट मोजणारे सेन्सर महाग असतात. म्हणून घरगुती यंत्रणेत बहुधा ओआरपी म्हणजे रेडॉक्स प्रोब असतो. यात प्लॅटिनमसारख्या धातूवर तयार होणारा विद्युतदाब मोजतात. जर्मनीत या पद्धतीवर बराच अभ्यास झाला आणि ६५० मिलिव्होल्ट हा आकडा किमान पातळी म्हणून रूढ झाला. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा स्वस्त छोटा संगणक आला, २०१३ मध्ये होम असिस्टंट ही मोफत प्रणाली सुरू झाली आणि कारखान्यातले मोजमाप हौशी माणसाच्या घरी पोचले.

पण ओआरपी म्हणजे क्लोरीनचे प्रमाण नव्हे. पीएच बदलला की तो बदलतो. उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून टाकतात त्या सायन्यूरिक ॲसिडमुळेही बदलतो. प्रोबवर थर साचला तर चुकीचा आकडा येतो.

आकडा ठीक, पाणी हिरवे

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा तलाव एका दिवसात हिरवा झाला. कंत्राटदाराने पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. त्याने क्लोरीन निकामी केला. आयोजकांनी सांगितले की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र क्लोरीन व्यवस्थित असल्याचे दाखवत होती. शेवटी शेजारच्या तलावातले सुमारे ३७ लाख लिटर पाणी रातोरात बदलावे लागले.

दुसरी घटना फार दुःखद आहे. १९६२ ते १९६५ या काळात तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील उस्ती नाद लाबेम शहरात १६ तरुण जीव मेंदूज्वराने गेले. सगळे एकाच बंदिस्त तरणतलावात पोहलेले. कारण होते नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा. अलीकडे केरळमधील रुग्णांमुळे त्याचे नाव आपण ऐकले आहे. हा पाणी पिऊन होत नाही, नाकात पाणी गेल्याने होतो. त्या तलावात मुक्त क्लोरीन कमी पडत होता आणि पुढे तलावाच्या खराब झालेल्या भिंतीमागच्या पोकळीत हा अमीबा सापडला. सेन्सर एका पाइपात बसलेला असतो. कोपऱ्यात साचलेल्या पाण्याचे त्याला काहीच कळत नाही.

तिसरी मर्यादा क्रिप्टोस्पोरिडियमची. जुलाब करणारा हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवडाभर जिवंत राहू शकतो. सगळे आकडे उत्तम असले तरीही!

मग तुम्ही काय करावे?

सेन्सर वाईट नाही. बीपीचे यंत्र घरी असावे तसा तोही असावा. रात्री क्लोरीन कमी झाला तर तो सकाळी मुले उतरण्याआधी कळवतो, हे मोलाचे आहे. मात्र व्यवस्थापकांना हे प्रश्न जरूर विचारा:

• डीपीडी किटने हाताने तपासणी रोज होते का? तिचा निकाल आणि सेन्सरचा आकडा जुळतो का?

• पीएच प्रोब ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात वेळोवेळी तपासून जुळवतात का? काचेचा प्रोब वाळला की बिघडतो.

• पंप बंद असताना आलेला आकडा ग्राह्य धरत नाहीत ना? तेव्हा सेन्सर फक्त पाइपात अडकलेले पाणी मोजत असतो.

• ॲसिड आणि क्लोरीन आपोआप सोडणारे यंत्र पंप बंद पडताच थांबते का? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. दोन्ही रसायने पाइपात एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

• पाण्याची जंतू तपासणी प्रयोगशाळेत होते का?

आणि काही गोष्टी आपल्या हातातल्या. उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करा. लहान मुलांना आधी लघवीला नेऊन आणा. जुलाब चालू असतील तर तलाव बंद, आणि कारण क्रिप्टो असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे बंद. पाणी गिळू नका. तळ स्पष्ट दिसत नसेल तर मोबाईल काहीही म्हणो, उतरू नका.

पोहून आल्यावर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे असे काही झाले, तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि "पोहायला गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.