गालिच्यामागचा क्रमांक
१९८६च्या बालमजुरी कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना गालिचे विणण्याच्या कामावर ठेवण्यास बंदी घातली. मात्र कुटुंबाच्या मदतीने चालणारे घरगुती माग त्यातून वगळले. परिणामी भदोही-मिर्झापूर पट्ट्यात कर्जापोटी राबणारे परके मूलही ‘घरचेच’ म्हणून दाखवणे सोपे होते. १९९४ साली कैलाश सत्यार्थी व सहकाऱ्यांच्या पुढाकारातून ‘रगमार्क’ ही बालमजुरीमुक्त गालिच्याची खूण अस्तित्वात आली. पण खूणही बनावट छापता येते. म्हणून प्रत्येक लेबलाला स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. त्यावरून गालिचा कोणत्या मागावर विणला गेला, हे शोधता येई; त्या मागांवर निरीक्षक अचानक जात. योजना मात्र ऐच्छिक होती. तिच्याबाहेरच्या मागांवरील मुलांपर्यंत हा क्रमांक पोहोचलाच नाही.