उन्हाचं पाणी

आमच्या घरात तापवायचं पाणी दोन प्रकारचं, एक अंघोळीचं आणि एक पिण्याचं. अंघोळीचं कोमट असलं तरी भागतं. पिण्याचं मात्र तीन उकळ्या येऊन खाली उतरल्याशिवाय सासूबाई ओठाला लावत नाहीत. उकळलेल्या पाण्याचा काळही ठरलेला. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. प्रहर म्हणजे ढोबळमानाने तीन तास. गोचरीला आलेल्या महासतीजींना त्यांच्यासाठी मुद्दाम उकळलेलं पाणी चालत नाही, घरच्यांनी स्वतःसाठी केलेल्यातलंच लागतं. त्यामुळे हे काम नित्याचं, आणि अर्थातच बायकांचं.

माझं माहेर धुळ्याचं. सत्तरच्या दशकात आमच्या परसात तांब्याचा बंब होता. त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, हाताला येईल ते इंधन जायचं. पण कसंही जायचं नाही. "काडी आपट, गोवरी उलटून बघ, मगच आत घाल," हे आईचं पहाटेचं पालुपद. गोवरीखाली वाळवी, तुराटीच्या पोकळीत किडा असायचाच. आम्ही त्याला जयणा म्हणतो, जपून वागणं. थंडीत, धुरात, डोळे चोळत जयणा पाळायची आईने. बाकी सगळे गरम पाण्याने अंघोळ करून नवकारशी व्हायची वाट बघत बसायचे. तिचे डोळे पुढे कायमचे लाल झाले. ते कशाने, हे घरात कुणी विचारलं नाही, मीही नाही.

पुढे इतिहास वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट सापडली आणि मी चकितच झाले. आईच्या बंबाच्या शंभर वर्षं आधी, १८७० च्या दशकात, मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज सरकारी नोकर उन्हावर पाणी उकळत होता! कुलाब्याला त्याने लहान लहान सपाट आरशांची एक मोठी चौकट उभारली. सगळ्या आरशांचं ऊन एकाच बॉयलरवर पडायचं, आणि सूर्य सरकेल तशी ती चौकट माणसाने हाताने सरकवायची. त्या वाफेवर त्याने पाण्याचा पंप चालवून दाखवला, उन्हाच्या पेटीत सैनिकांचं जेवणही शिजवलं. उष्ण देशांत सरपणाऐवजी ऊन वापरा, असं सांगणारं पुस्तक त्याने १८७८ मध्ये मुंबईतूनच छापलं. मग काय झालं? काही नाही. कोळसा होता, लाकूड होतं. आणि सरपण गोळा करणाऱ्या, फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या वेळेचा हिशेब कोण धरतो!

लग्न होऊन मी सुरतला आले ती गोपीपुऱ्यातल्या जुन्या घरात. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक शहर सोडून गेले. जे राहिले ते धास्तीने पाणी उकळून प्यायला लागले. शेजारच्या बेन विचारायला यायच्या, "भाभी, किती वेळ उकळायचं?" त्या दिवसांत सासूबाईंचा भाव अगदी वधारला होता.

पण खरी परीक्षा झाली ऑगस्ट २००६ मध्ये. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडलं आणि शहराचा बहुतेक भाग तापीच्या पाण्यात गेला. तोवर आम्ही अडाजणच्या रो-हाउसमध्ये आलो होतो. तळमजला बुडाला, वीज गेली, गॅस बंद. आम्ही वरच्या खोल्यांत. सासूबाईंचा वर्षीतप चालू होता, म्हणजे एक दिवस उपवास आणि एक दिवस पारणं, आणि उपवासाला फक्त उकळलेलं पाणी. जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि त्यांना प्यायला थेंब नाही! "चौविहार करते," एवढंच म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या. पासष्टीची बाई, बिनपाण्याचा उपवास. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. गॅलरीत लोखंडी घमेलं ठेवलं, लग्नातला पाट फोडला, त्याच्या ढलप्यांवर पावसाचं गाळलेलं पाणी उकळलं. फोडण्याआधी पाट दोनदा आपटून बघितला, आईची सवय. सासूबाई पाणी प्यायल्या, पण तो पाट त्यांच्या माहेरचा होता, हे त्यांनी मला चार वर्षांनी ऐकवलं.

पूर ओसरल्यावर दोन वर्षांनी आम्ही अगाशीवर सोलर वॉटर हीटर बसवला. काळी पेटी, तांब्याच्या नळ्या, वर टाकी. उन्हाने थेट पाणीच तापतं, वीज लागत नाही. ही कल्पनाही जुनी. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्पने असा हीटर पेटंट करून विकला होता. आमच्याकडे पाच-सहा वर्षं छान चालला. मग बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचले. बसवणाऱ्याला फोन केले, तो आज येतो, उद्या येतो. आलाच नाही. टाकी धडधाकट आणि नळ्या मेलेल्या, अशी ती अगाशीवर पडून राहिली. आम्ही पुन्हा गीझरकडे वळलो. गीझरची वीज तरी कुठून येते? त्यातली थोडी धरणाच्या पाण्यातून, पण बरीचशी कोळसा जाळूनच. उकाईलाच धरण आहे आणि जवळच सोनगडला कोळशाचं वीजघरही आहे. म्हणजे आईचा बंब घराबाहेर नेऊन ठेवला, एवढंच.

विजेने तापवलेल्या पाण्यावर आमच्या समाजात वेगळाच वाद. वीज म्हणजे सजीव अग्निकाय की नुसतं पुद्गल? अनेक आचार्य तिला सजीव मानतात. तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञजी तिला अचित्त मानत. २००३ चा त्यांचा चातुर्मास सुरतलाच होता. त्या वेळी १५ ऑक्टोबरला राष्ट्रपती अब्दुल कलामही इथे आले होते. याच कलामांनी पुढे १४ ऑगस्ट २००५ च्या भाषणात सूर्याच्या विजेवर भर देऊन ऊर्जेचं स्वावलंबन मागितलं. सजीव-अचित्ताचा निकाल लावायची माझी पात्रता नाही. पण एक विचारावंसं वाटतं. इतकी सूक्ष्म चर्चा चुलीच्या धुरावर, तो पिणाऱ्या बाईवर कधी झाली का?

पॅनेल आलं ते २०२१ मध्ये. सूर्य गुजरात योजनेत ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के सबसिडी होती. सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा तो उन्हाच्या जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज करायचा. आता २० टक्क्यांच्या आसपास करतो. १९७७ च्या सुमारास एका वॉटला सत्तर डॉलरच्या वर पडत, म्हणून तो उपग्रहांवरच शोभायचा. आता एका वॉटला एक डॉलरही पडत नाही.

खरं तर पाणी तापवायला पॅनेल हा उलटा रस्ता. काळी पेटी उन्हातली निम्मी उष्णता पाण्यात उतरवते, पॅनेल पाचवा हिस्सा. मुलाने मला हे कागदावर मांडून दाखवलं. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ४ युनिट लागतात. आमची ३ किलोवॉटची पॅनेलं दिवसाला सरासरी १२ युनिट देतात. पण पॅनेलला नळ्या नाहीत, क्षार नाहीत, आणि पाणी नको असेल तेव्हा तीच वीज पंख्याला, फ्रीजला. मग आम्ही जुनीच टाकी कामाला लावली. तिच्यात विजेची कॉइल होतीच. इलेक्ट्रिशियनने टायमर जोडून दिला. दुपारी साडेअकरा ते दीड, पॅनेलं जोरात असताना, २ किलोवॉटची कॉइल चालते. दुसऱ्या पहाटेपर्यंत अंघोळीचं पाणी गरम राहतं.

पिण्याचं मात्र तसं जमत नाही. साठ अंशांचं पाणी उकळलेलं नव्हे, आणि दुपारी उकळलेलं सकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून ते सकाळी आठला इंडक्शनवर, पाच लिटरला अर्धा युनिट. तेव्हा ऊन कोवळं असतं, वीज ग्रिडमधून घेतो आणि दुपारी जास्तीची परत देतो. मीटर दोन्ही लिहितो.

सासूबाई आता ऐंशी पार आहेत. विजेच्या पाण्याला त्यांनी वर्षभर हात लावला नाही, गॅसवरचंच प्यायल्या. एक दिवस अगाशीवर येऊन पॅनेलांखाली वाकून बघितलं, धूर नाही, आवाज नाही. खाली येऊन म्हणाल्या, "माझं पण त्यातलंच ठेव." मग लगेच विचारलं, "पूर आला आणि लाइन गेली तर?"

मी खोटं बोलले नाही. आमची पॅनेलं ग्रिडला जोडलेली आहेत. लाइन गेली की, दुरुस्ती करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून, तीही आपोआप बंद पडतात, भर उन्हात सुद्धा. बॅटरी महाग म्हणून घेतली नाही.

त्यांनी मान हलवली. वरच्या खोलीत माळ्यावर लोखंडी घमेलं आणि कोरड्या काटक्यांची एक मोळी मी अजून ठेवलेली आहे. दर पावसाळ्याआधी खाली काढून, काडी काडी आपटून, परत बांधून ठेवते.