नोंदवहीपासून मीटरच्या स्मृतीपर्यंत : अहमदनगर जिल्ह्यातील वीजपुरवठ्याच्या नोंदींचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
ग्रामीण विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा खांब, वाहिन्या आणि वीजपंपांच्या संख्येतून मांडला जातो. पोहोचलेली वीज कोणत्या दर्जाची होती आणि त्या दर्जाची नोंद कोणाकडे होती, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात वीजपुरवठ्याच्या नोंदींचा इतिहास तपासला आहे. तसेच वीज-गुणवत्ता मापकातील घटना-नोंदी उतरवून घेणे व त्यांचे परीक्षण करणे या प्रक्रियेकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे.

बीजशब्द : ग्रामीण विद्युतीकरण, मुळा-प्रवरा, वीज-गुणवत्ता, घटना-नोंद, साधन-परीक्षण.

प्रस्तावना :
साधनांशिवाय इतिहास नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. ताम्रपट, बखर, दप्तर आणि महसुली कागद ही साधने इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रामीण महाराष्ट्राच्या जीवनावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या घटकांपैकी वीज हा एक घटक असूनही तिचे दप्तर अभ्यासकांच्या हाती फारसे आलेले नाही. मोटार जळाली की शेतकऱ्याचे पीक वाळते, रिवायंडिंगचा खर्च अंगावर पडतो आणि दोष कोणाचा हा वाद सुरू होतो. हा वाद शेवटी पुराव्यावर येऊन थांबतो. पुरावा म्हणजे नोंद. म्हणून नोंदीचा इतिहास हा येथे केवळ तंत्रज्ञानाचा इतिहास राहत नाही, तो न्यायाचाही इतिहास ठरतो.

उद्दिष्टे :
१. अहमदनगर जिल्ह्यातील वीजपुरवठ्याच्या संस्थात्मक इतिहासाचा आढावा घेणे.
२. वीजपुरवठ्याची नोंद ठेवण्याच्या पद्धतींतील बदल स्पष्ट करणे.
३. मापकातील घटना-नोंदींचे साधन म्हणून मूल्य व मर्यादा तपासणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, विनियम, नियामक आयोगाच्या कार्यवाहीची प्रसिद्ध माहिती व तांत्रिक मानके या साधनांचा उपयोग केला आहे.

विषय विवेचन :

अ) संस्थात्मक पार्श्वभूमी
महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. त्यानंतर २५ जुलै १९६९ रोजी केंद्रीय पातळीवर ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा अनुभव समोर ठेवून देशात पाच ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. गुजरातमधील कोडिनार, कर्नाटकातील हुक्केरी, आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशातील लखनौ यांच्याबरोबर महाराष्ट्रातून श्रीरामपूर येथील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेची निवड झाली.

ही निवड अनाकलनीय नव्हती. प्रवरा खोऱ्यात १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला होता. भंडारदरा धरण १९२६ मध्येच पूर्ण झाले होते. कालव्याचे पाणी, ऊस आणि सहकार यांची सांगड असलेल्या या भागात विहिरीवरील वीजपंपांना मोठी मागणी होती. संस्था मंडळाकडून घाऊक वीज विकत घेई आणि श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर परिसरातील गावांना पुरवी. पुढे घाऊक विजेच्या थकबाकीचा वाद वाढत जाऊन तो नियामक आयोग व न्यायालयांपुढे दीर्घकाळ चालला. संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ रोजी संपला आणि पुरवठ्याची जबाबदारी महावितरणकडे आली. मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही कंपनी ६ जून २००५ पासून कार्यरत झाली होती.

ब) न मोजलेली वीज
महाराष्ट्रात १९७० च्या दशकात शेतीपंपांसाठी अश्वशक्तीवर आधारित आकारणी सुरू झाली. मीटरवाचनाचा खर्च वाचला, परंतु नोंद थांबली. पंपाने किती युनिट वीज वापरली हे कळण्याचा मार्ग उरला नाही. त्यामुळे शेतीचा वापर अंदाजाने मांडला जाऊ लागला आणि गळतीचा काही भाग त्या अंदाजात मिसळला गेला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००० साली पहिला दरनिश्चितीचा आदेश दिला, तेव्हा पूर्वी अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवली जाणारी पारेषण व वितरण हानी प्रत्यक्षात तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे पुढे आले.

याचा अर्थ असा की, शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज लिहिली जात होती आणि त्याला मिळालेल्या कमी दाबाच्या विजेची मात्र कोठेही नोंद होत नव्हती. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५५ ने मीटरशिवाय पुरवठ्यास प्रतिबंध केला, तरी शेतीपंपांच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी अपूर्ण राहिली.

क) उपकेंद्रातील नोंदवही
मापकांचा प्रसार होण्यापूर्वी उपकेंद्रातील लॉगशीट हेच प्रमुख साधन होते. यंत्रचालक दर तासाला प्रत्येक वाहिनीचा विद्युतप्रवाह व दाब लिहीत असे. वाहिनी बंद पडली तर वेळ, कोणता रिले चालला आणि पुरवठा केव्हा सुरू झाला, हे नमूद होई. या साधनाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. दोन नोंदींमधील एकोणसाठ मिनिटे अलिखित राहत. शिवाय नोंद उपकेंद्राच्या दाराशी थांबे. अकरा केव्ही वाहिनीच्या शेवटच्या डीपीवर काय घडले, हे तिला ठाऊक नसे.

वास्तविक दाबाची मर्यादा कायद्याने घालून दिली होती. भारतीय विद्युत नियम १९५६ मधील नियम ५४ नुसार लघुदाब ग्राहकाला मिळणारा दाब घोषित दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक वर-खाली असू नये. त्या काळी प्रमाण असलेल्या ४१५ व्होल्ट त्रिकला पुरवठ्यासाठी ही मर्यादा सुमारे ३९० ते ४४० व्होल्ट येते. प्रेरण मोटारीचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब ऐंशी टक्क्यांवर आला की बल चौसष्ट टक्क्यांवर येते, मोटार अधिक प्रवाह ओढते आणि वाइंडिंग तापते. एक फेज गेल्यास परिणाम अधिक वेगाने होतो. म्हणजे नियम होता, नुकसान होते, पण त्या दोहोंना जोडणारा पुरावा नव्हता.

ड) मापकाची स्मृती व तिचे परीक्षण
इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यानंतर परिस्थिती बदलू लागली. उच्चदाब ग्राहकांच्या मीटरमधील माहिती हातातील वाचन-यंत्राने प्रकाशीय मुखातून उतरवून घेण्याची पद्धत रूढ झाली. आयएस १५९५९ या २०११ च्या भारतीय मानकाने मीटरमधील घटनांचे दाबविषयक, प्रवाहविषयक, पुरवठा खंडित होण्याविषयीचे असे वर्गीकरण केले. वीज-गुणवत्ता मापक याच्याही पुढे जातो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो घटनेचा आरंभ, अवधी आणि उरलेला दाब नोंदवतो. अर्ध्या आवर्तनापासून एका मिनिटापर्यंत दाब नव्वद टक्क्यांखाली, परंतु दहा टक्क्यांपर्यंत घसरणे यास दाब-घसरण म्हटले जाते.

या नोंदींना इतिहासाच्या साधन-परीक्षणाचे नियम तंतोतंत लागू पडतात. बाह्य परीक्षणात मापक कोठे बसवला होता, त्याचे घड्याळ बरोबर होते काय आणि मर्यादा किती ठेवली होती, हे पाहावे लागते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशाच्या मोठ्या भागात वीज गेली. त्यांतील पहिल्या दिवसाच्या संकटाची सुरुवात बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी बंद पडण्याने झाली. अशा प्रसंगी सेकंदाच्या अंशात घडलेल्या घटनांचा क्रम लावायचा, तर सर्व ठिकाणची घड्याळे जुळलेली असणे ही पूर्वअट ठरते. मापकाची स्मृतीही मर्यादित असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. वेळेवर उतरवून न घेतलेली नोंद म्हणजे वाळवी लागलेले दप्तरच होय.

अंतर्गत परीक्षणात नोंदीचा अर्थ लावावा लागतो. पुरवठा सुरू होताच तिन्ही फेजचा दाब एकदम खाली गेला आणि काही सेकंदांत सावरला, तर ऑटो स्विचमुळे अनेक पंप एकाच वेळी सुरू झाल्याची शक्यता अधिक. एकच फेज शून्यावर येऊन तशीच राहिली, तर डीपीवरील फ्यूज किंवा तुटलेली तार संभवते. दाब रोज ठरावीक तासांत हळूहळू उतरत असेल, तर रोहित्रावर किंवा वाहिनीवर अतिरिक्त भार आहे. पहिल्या प्रकारात शेतकऱ्यांच्या सवयीचाही वाटा आहे, दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात देखभाल आणि नियोजन यांचा. नोंद एकाच पक्षाची साक्ष देत नाही, म्हणूनच ती विश्वसनीय ठरते. मात्र केवळ दहा मिनिटांच्या सरासरीवर विसंबल्यास लहान घसरणी लुप्त होतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

इ) नोंद कोणाच्या हाती?
विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५७ ने सेवेची मानके व भरपाईचे तत्त्व मान्य केले. राज्य आयोगाने २००५ साली त्यासंबंधी विनियम केले. २०२१ च्या विनियमांच्या तर शीर्षकातच वीज-गुणवत्तेचा समावेश आहे. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व विद्युत लोकपाल या यंत्रणाही उपलब्ध झाल्या. तथापि, पुरवठादाराच्या उपकेंद्रातील नोंद पुरवठादाराच्याच हाती असते. या दृष्टीने पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा उपक्रम उल्लेखनीय आहे. या संस्थेने देशाच्या विविध भागांत ग्राहकांच्या जागेत छोटे मापक बसवून दर मिनिटाचा दाब नोंदवला आणि ती माहिती सर्वांसाठी खुली केली. खांबापर्यंतची नव्हे, तर घरातल्या प्लगची नोंद त्यातून प्रथमच सार्वजनिक झाली.

अहमदनगर जिल्ह्यात या प्रश्नाला आज नवे परिमाण लाभले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ २०१७ साली याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथून झाला. दिवसा वीज मिळावी, रात्री बिबट्याच्या भीतीत दारे धरावी लागू नये, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी त्यामागे आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल शासन भरते. बिल शून्य झाले की मीटरविषयीची आस्था कमी होण्याचा संभव असतो. परंतु त्या विजेचे मूल्य सार्वजनिक निधीतून दिले जाते आणि मोटार जळण्याचा खर्च मात्र शेतकऱ्याकडेच राहतो. म्हणून नोंदीची गरज वाढली आहे, घटलेली नाही.

निष्कर्ष :
१. जिल्ह्यातील विद्युतीकरणाचा इतिहास संस्थांच्या नोंदीतून दिसतो, पुरवठ्याच्या दर्जाची नोंद मात्र दीर्घकाळ उपकेंद्रापुरती मर्यादित राहिली.
२. अश्वशक्तीच्या आकारणीमुळे वापर व गळती यांतील सीमारेषा पुसट झाली आणि त्याचा दोष शेतीवर पडला.
३. मापकातील घटना-नोंद हे समकालीन इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन आहे. मात्र घड्याळ, स्थान, मर्यादा व जतन यांची तपासणी केल्याशिवाय ते ग्राह्य धरू नये.
४. भरपाईचा हक्क कायद्यात असला, तरी ग्राहकाला नोंद उघडून पाहता येत नाही तोवर तो अपुरा राहतो.

समारोप :
ज्या गावात सातबारा उतारा वाचणारी माणसे घरोघरी आहेत, तेथे विजेचा उतारा वाचणेही अशक्य नाही. उपकेंद्रांतील जुन्या लॉगशीट रद्दीत जाण्यापूर्वी त्यांचे जतन व्हावे, तसेच डीपीवरील मीटरच्या घटना-नोंदी गावाला ठरावीक काळाने उपलब्ध व्हाव्यात. इतिहास, भौतिकशास्त्र व वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन महाविद्यालयीन प्रकल्पांतून हे काम हाती घेतल्यास जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाला एक विश्वसनीय दप्तर मिळेल आणि जळालेल्या मोटारीच्या धन्याला आपले म्हणणे सिद्ध करण्याचे साधन लाभेल.