ऑनलाइन विकायला आलेली जुनी दुनळी बंदूक : फोटोत काय बघायचं?

ब्रिटन आणि अमेरिकेतल्या लिलावाच्या साइटवर शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या दुनळी बंदुका रोज विकायला येतात. फोटोत दस्ता चकचकीत, नळ्या काळ्याभोर आणि सोबत ‘उत्तम स्थिती’ हे शब्द. पण जाणकाराला नेमकी ही चमकच खटकते. दुरुस्ती होणं यात गैर काही नाही. धोका असतो तो चुकीच्या आणि लपवलेल्या दुरुस्तीत, कारण कमकुवत नळी फुटली तर ती धरणाऱ्याच्या हातातच फुटते.

नळीचं तोंड

जुन्या बारा बोअर बंदुकांच्या नळ्या बहुधा २८ ते ३० इंच लांब असायच्या. तोंडाजवळच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत नळी किंचित अरुंद केलेली असते. त्याला चोक म्हणतात. छऱ्यांचा फैलाव त्यावर ठरतो. नळी कापली की चोक जातो. दोन नळ्या तोंडाशी जवळजवळ चिकटलेल्या असतात, कापल्यावर मात्र त्यांच्यामध्ये फट दिसते. ती अनेकदा सोल्डरने बुजवलेली असते. पण आखूड नळी म्हणजे कापलेलीच, असंही नाही. लंडनचे रॉबर्ट चर्चिल यांच्या २५ इंची बंदुका मुळातच तशा होत्या.

कापण्यात कायद्याचाही प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये २४ इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनला जास्त कडक परवाना लागतो. अमेरिकेत १८ इंचांखालच्या नळीला १९३४ च्या कायद्याचे निर्बंध लागू होतात.

नको तितका काळा रंग

जुन्या दुनळीच्या नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी सहसा सोल्डरने जोडलेली असते. आजच्या कारखान्यातलं गरम क्षारांचं ब्लूइंग हे सोल्डर खातं. पट्टी आतून सुटू लागते, पण वरून बंदूक नवीकोरी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांवर हे ब्लूइंग केलं तर त्यांची नक्षीदार वेलबुट्टी बिघडते. जुनी बंदूक आरशासारखी काळी दिसली, तर पहिला प्रश्न रंगाबद्दलच विचारावा.

बिजागरीजवळच्या पोलादी भागावर निळसर-तपकिरी ढगांसारखे रंग दिसतात. ते मूळ कठीणीकरणाचे असतात. टॉर्चच्या ज्योतीने तसे रंग उमटवता येतात, पण त्या उष्णतेने पोलाद मऊ पडू शकतं.

लाकूड, स्क्रू आणि क्रमांक

• कारखान्यातून आलेलं लाकूड धातूपेक्षा केसभर वर असतं. ते खाली गेलं असेल तर पॉलिश पेपरने बरंच घासलेलं आहे.
• कोरीवकामाच्या कडा पुसट झाल्या असतील तर धातूही घासलेला आहे.
• उत्तम ब्रिटिश बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत असतात. फाटलेल्या खाचा नवशिक्या हाताची खूण सांगतात.
• नळ्या, मधला भाग आणि पुढची लाकडी मूठ यांवरचे क्रमांक जुळायला हवेत.

शिक्के सर्वात महत्त्वाचे

ब्रिटनमध्ये बंदुकीत नेहमीपेक्षा जड काडतूस उडवून तिची ताकद तपासतात आणि मग नळीवर शिक्का मारतात. याला प्रूफ म्हणतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हे काम करतं. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच धरतात. गंज काढण्यासाठी नळी आतून जास्त घासली तर ती मूळ शिक्क्याच्या मापाबाहेर जाते. ब्रिटनमध्ये अशी बंदूक पुन्हा प्रूफ न करता विकणं गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र सरकारी प्रूफ सक्तीचं नाही.

जुन्या नळ्या कापून उरलेल्या बुंध्यात नव्या नळ्या बसवल्या असतील तर ब्रिटनमध्ये ‘स्लीव्ह्ड’ असा शिक्का मारतात. तो दिसत नसेल तर बुंध्यापासून काही सेंटिमीटरांवर नळीभोवती बारीक रेघ आहे का, ते बघावं.

काडतुसाचं घरही लांबवलेलं असू शकतं. जुनं घर अडीच इंचांचं, तर आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंचांची. हे माप उडवल्यानंतरचं असल्याने लांब काडतूस जुन्या घरातही सहज बसतं. म्हणून ‘बसलं म्हणजे चालेल’ हा समज धोकादायक आहे. घर लांबवलं तर तिथली भिंत पातळ होते.

विक्रेत्याकडे काय मागायचं?

नळ्यांचं तोंड, खालचे सगळे शिक्के आणि आतली बाजू यांचे जवळून घेतलेले फोटो मागावेत. नळीच्या भिंतीची सर्वात कमी जाडीही विचारावी. टाळाटाळ हेही एक उत्तरच असतं. फोटो बघून बंदूक नाकारता येते, पण ती सुरक्षित आहे असं ठरवता येत नाही. ते काम हातात घेऊन मोजमाप करणाऱ्या बंदूकसाजाचं.

भारतात चालू स्थितीतली शॉटगन विकत घ्यायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्रालाच त्यात सूट आहे. त्यामुळे सोशल मीडियावर ‘फक्त शोभेची’ म्हणून दिसणारी बंदूक खरोखर तशी आहे का, हे पैसे देण्याआधी तपासायला हवं.