शेवटच्या पानावरची बारीक ओळ

मागच्या शनिवारी रद्दीवाला आला. आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगमध्ये तो बरोब्बर सकाळी नऊला येतो, म्हणजे वीकेंडला माझी मध्यरात्र. डोळे चोळत गठ्ठा बांधताना एक चार पानी स्थानिक साप्ताहिक हाती लागलं. पहिल्या पानावर एका नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. दुसऱ्या पानावर त्याच नेत्याला शुभेच्छा, फक्त फोटो वेगळा. आणि आमच्या गल्लीत बारा दिवस धड पाणी नव्हतं, त्याबद्दल चकार शब्द नाही!

मी वैतागून म्हटलं, "हे लोक पेपर काढतात तरी कशाला?"

बाबा शांतपणे म्हणाले, "शेवटचं पान उलट. खाली बघ, पेपर कोणाचा ते लिहिलेलं असतं."

खरं सांगतो, एवढी वर्षं पेपर वाचतोय पण ती बारीक ओळ कधी वाचली नव्हती. सॉफ्टवेअरमधला 'अबाउट' कोण उघडून बघतो, तसंच ते. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापायची ही सक्ती १८६७ च्या कायद्यापासूनची, इंग्रजांच्या काळातली. तो कायदा जाऊन २०२४ च्या मार्चमध्ये नवा लागू झाला. जुन्या नियमांत आणखी एक गंमत होती. दरवर्षी फेब्रुवारी संपला की 'फॉर्म ४' नावाची चौकट छापायची आणि तीत एक टक्क्याहून जास्त भांडवल ज्यांचं, त्यांची नावं द्यायची. म्हणजे पेपर कोणाचा हे गुपित नव्हतंच, आपणच वाचत नव्हतो.

मग काय, अख्खा वीकेंड त्यातच गेला.

शाळेत आपण 'केसरी टिळकांचा' एवढंच घोकतो. पण १८८१ साली केसरी निघाला तेव्हा तो कोणा एकाचा नव्हता. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी अशा मंडळींचा तो उद्योग, आणि पहिले संपादक होते आगरकर. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघेही १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. पुढे मतं जुळेनात. आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचा 'सुधारक' काढला. संपादकाचं मालकांशी पटलं नाही तर त्याने दुसरा पेपर काढावा, इतकं ते सोपं होतं (खिशाला सोपं नव्हतं, ती गोष्ट वेगळी). शेवटी १८९१ मध्ये वाटणी झाली आणि केसरी व मराठा टिळकांकडे आले. कर्जासकट! डोक्यावर कर्ज घेऊन एखाद्याने तोट्यातला प्रोजेक्ट स्वतःच्या नावावर करून घ्यावा, तसला प्रकार.

सगळ्यात जास्त गुंतलो ते 'सकाळ'मध्ये. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ ला त्यांनी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. १९६० साली केंद्र सरकारने आदेश काढला, की पेपरच्या पानांच्या हिशोबात किंमत ठरवायची. हेतू वरकरणी चांगला होता. बड्या पेपरांनी जास्त पानं स्वस्तात देऊन छोट्यांना मारू नये. पण सकाळ आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पानं द्यायचा, सात नव्या पैशांना एक अंक. नव्या हिशोबाने त्याच किमतीत २४ पानं द्यायची, नाहीतर किंमत आठ पैसे करायची. परुळेकर सुप्रीम कोर्टात गेले आणि जिंकले. छोट्यांना वाचवायचं म्हणून दुसऱ्याचा खप कमी करता येणार नाही, तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला ठरेल, असं कोर्टाने म्हटलं. निकाल मला पटतो. पण छोट्यांचं काय करायचं, हा प्रश्न तिथेच राहिला.

आणि पुढे काय झालं बघा. परुळेकर १९७३ मध्ये गेले. ऐंशीच्या दशकात सकाळचा ताबा पवार कुटुंबाकडे गेला. परुळेकरांच्या कन्या लीला परुळेकर शेअर्सवरून कोर्टात लढत राहिल्या, ते प्रकरण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. सकाळी दारात पडणाऱ्या अंकावर नाव मात्र तेच.

नावं तशी चिवटच. 'लोकमत' १९१८ मध्ये यवतमाळला बापूजी अण्यांनी काढला होता. तो बंद पडला. तेच नाव घेऊन जवाहरलाल दर्डांनी १९५३ मध्ये साप्ताहिक आणि १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक सुरू केलं. दर्डा काँग्रेसचे नेते, राज्यात मंत्रीही होते. 'तरुण भारत' तर दोन आहेत, एक बेळगावचा, एक नागपूरचा, आणि दोघांचे मालक वेगळे. मी कॉलेजपर्यंत एकच समजत होतो :)

आमच्या ठाणे जिल्ह्याचाही यात वाटा आहे बरं का. नारायण मेघाजी लोखंडे जन्माने ठाण्याचे. भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला 'दीनबंधु' त्यांनी १८८० पासून मुंबईत चालवला. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच लढ्यातून. म्हणजे हा वीकेंड लेख एका ठाणेकर संपादकाच्या कृपेने!

असो. रविवारी संध्याकाळी ते साप्ताहिक परत काढलं आणि शेवटची ओळ वाचली. वाटलं होतं फोटोतल्या नेत्याचंच नाव असणार. नव्हतं. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, सगळीकडे एकाच माणसाचं नाव आणि एक मोबाईल नंबर. फोन लावला. त्यांनीच उचलला.

पाण्याचं सांगितलं. म्हणाले, "फोटो पाठवा, छापतो की. पण एक विचारू? मग पुढच्या महिन्यात ती शुभेच्छांची दोन पानं गेली, तर छपाईचं बिल कोण भरणार? तुमची सोसायटी?"

मला पटकन उत्तर सुचेना. आठ लाखांच्या वर वस्तीचं हे शहर (हा आकडाही २०११ च्या जनगणनेचा), आणि आमच्या गल्लीतलं पाणी छापणारा हा एकटा माणूस. शेवटी विचारलं, एका पानाचे किती? त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या डीजेपेक्षा कमी होता.

फोटो पाठवलेत. येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, विषयपत्रिकेत सातवा मुद्दा म्हणून घातलंय. सेक्रेटरी काका आत्ताच कुरकुरतायत.